अर्बन डिझाईनचा पहिला स्टुडिओ आणि साईट ॲनालिसिस: मंडईत तीन महिने घालवून जे कळलं ते

आर्किटेक्चरच्या चौथ्या वर्षाला किंवा एमआर्कला आलात की एक दिवस कळतं की बंगला, शाळा, हॉस्पिटल असलं सगळं संपलं, आता शहराचा एक आख्खा तुकडाच तुमच्या गळ्यात. हेच अर्बन डिझाईन, आणि डिझाईन करण्याआधी त्या तुकड्याची पाहणी-मोजणी म्हणजे साईट ॲनालिसिस. आमच्या ग्रुपच्या गळ्यात महात्मा फुले मंडई, तुळशीबाग, बोहरी आळी आणि मधले सगळे बोळ आले होते. मी मूळची बार्शीची, पुण्यात येऊन जेमतेम दोन महिने झालेले, लक्ष्मी रोड वन वे आहे हे मला पावती फाटल्यावर कळलं. त्यामुळे हा लेख माझ्यासारख्या बाहेरून आलेल्यांसाठी आहे. सदाशिव पेठेत वाढलेल्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यात जास्त चुकीची माहिती त्यांनीच दिली होती, "मला माहितीये, बघायची गरज नाही" म्हणत.

एक आधीच सांगते. स्टुडिओत, म्हणजे डिझाईनच्या तासाला, कोणी धडा शिकवत नाही. साईट देतात, आठवड्यातून दोनदा टेबलावर सर किंवा मॅम येतात, तुमच्या शीटवर पेनने रेघोट्या मारतात आणि "मग काय?" विचारून पुढच्या टेबलावर जातात. हे "मग काय?" मला पहिले सहा आठवडे अपमान वाटायचं.

आधी सामान गोळा करा

- कॉलेजचं पत्र, लेटरहेडवर, सही-शिक्क्यासकट, त्यात ग्रुपमधल्या सगळ्यांची नावं. चार-पाच झेरॉक्स. ओळखपत्र गळ्यात.
- ३० मीटरची टेप आणि ५ मीटरची छोटी टेप. लेझरवालं मशीन कॉलेजात असेल तर सही करून घ्या, पण भर उन्हात त्याचा लाल ठिपका दिसत नाही, त्यामुळे टेप लागतेच.
- कडक पुठ्ठ्याचं क्लिपबोर्ड, पेन्सिल (पावसात पेन पसरतं), बटर पेपरचा रोल, स्केल.
- फोनला पॉवर बँक. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर, फुकट आहे.
- टोपी, पाणी, सुट्टे पैसे. सुट्टे पैसे का ते पुढे येईल.

बटर पेपर, माउंट बोर्ड वगैरे सगळं अप्पा बळवंत चौकात मिळतं, म्हणजे मंडईपासून चालत. ड्रोनचा विचार मनातून काढून टाका, परवानगीशिवाय उडवायचा नसतो आणि पेठांमध्ये तर नाहीच.

१. पहिल्या फेरीत काही मोजू नका

पहिल्या दिवशी आम्ही सात जण टेप घेऊनच पोचलो आणि बोहरी आळीत संध्याकाळी सहा वाजता टेप ताणली. एक हातगाडीवाले दादा टेपवरूनच गेले, मागून टेम्पोवाल्याने हॉर्न लावून ठेवला आणि एका दुकानदार काकांनी बाहेर येऊन विचारलं, "कार्पोरेशनचे का? रस्तारुंदी आली का?" आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी बाहेर मांडलेल्या बादल्या आत घ्यायला सुरुवात केली, त्यांचं बघून शेजारच्यांनी, आणि दहा मिनिटांत आमच्या डोळ्यांसमोर निम्मी गल्ली मोकळी झाली. आम्हाला अभ्यासायची होती ती गल्लीच गायब!

म्हणून पहिल्या एक-दोन फेऱ्या नुसत्या चाला. वही घ्या, फोन खिशात. कुठे आपोआप हळू होता, कुठे अंग चोरता, कुठे नाक दाबता, कुठे थांबावंसं वाटतं एवढंच लिहा. घरी येऊन आठवणीतून नकाशा काढा. तो चुकीचाच येतो आणि कुठे चुकला ते बघण्यातच मजा आहे. मी मंडईची मुख्य इमारत प्रत्यक्षापेक्षा दुप्पट काढली होती आणि तुळशीबागेतलं राममंदिर विसरलेच होते.

२. बेसमॅप, म्हणजे सगळ्या पापांचं मूळ

बेसमॅप म्हणजे ज्यावर बाकी सगळं काढायचं तो मूळ नकाशा. गुगल अर्थचा स्क्रीनशॉट कॅडमध्ये (ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकून त्यावर रेघा मारायच्या, हा सगळ्यांचा पहिला बेसमॅप. स्केल अंदाजे. मग महिन्याभराने कळतं की तुमचा ६ मीटरचा बोळ जागेवर ४ मीटर आहे, तोवर त्यावर बारा शीट तयार झालेल्या असतात.

तर असं करा:

- ओपनस्ट्रीटमॅपवरून रस्ते आणि इमारती क्यूजीआयएसमध्ये घ्या. प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची पद्धत) यूटीएम झोन ४३ नॉर्थ, पुण्यासाठी तेच. हे सेट केलं नाही तर अंतरं मीटरऐवजी अंशात येतात आणि माणूस वेडा होतो.
- त्यावर महापालिकेच्या डीपीची (डेव्हलपमेंट प्लॅन, म्हणजे विकास आराखडा) शीट आणि मिळालीच तर सिटी सर्व्हेची शीट बसवा. सिटी सर्व्हेत प्लॉटच्या हद्दी असतात, ज्या सॅटेलाईटवर दिसत नाहीत, आणि पेठेत सगळी भानगड हद्दींचीच असते. रस्त्याला तोंड जेमतेम आणि आत खोलवर गेलेले वाड्यांचे प्लॉट त्याशिवाय कळतच नाहीत.
- जागेवर जाऊन तीन ठिकाणची अंतरं टेपने मोजा, शक्यतो पहाटे, आणि नकाशाशी ताडून बघा. जुळत नसेल तर पुढे जाऊ नका.

टोपोशीट, म्हणजे जमिनीचा चढउतार दाखवणारा नकाशा, १:५०,००० ची असते, कंटूर (सारख्या उंचीची रेघ) २० मीटरला एक. पेठेच्या साईटला तिचा उपयोग एवढाच की शहर नदीकडे कसं उतरतं ते कळतं. पाषाण किंवा कात्रजला साईट असेल तर मात्र ती आधी घ्या.

आणि फाईलला नाव नीट द्या. "फायनल", "फायनल टू", "खरी फायनल" असलं आमच्या ड्राइव्हमध्ये अजून आहे.

३. काळा-पांढरा नकाशा

इमारती काळ्या, मोकळी जागा पांढरी, याला फिगर ग्राउंड म्हणतात. करायला सोपं म्हणून सगळे पहिल्या आठवड्यात उरकतात आणि परत कधी बघत नाहीत. पण नोल्ली नावाच्या माणसाने १७४८ मध्ये रोमचा नकाशा केला त्यात त्याने चर्चची आतली जागासुद्धा पांढरी ठेवली, कारण लोक तिथे रस्त्यासारखेच जातायेतात. ते आपल्याकडे लावून बघा. तुळशीबागेचं मंदिराचं आवार, बेलबाग, मंडईचा आतला भाग, वाड्याच्या दिंडी दरवाजातून मागच्या गल्लीत निघणारी वाट हे सगळं पांढरं केलं की नकाशा एकदम बदलतो. आम्ही हे दुसऱ्यांदा केलं तेव्हा गर्दीतून सुटायला लोक वापरतात अशा वाटा सापडल्या, ज्या कुठल्याच ॲपवर नाहीत. आमची अर्धी डिझाईन शेवटी त्या वाटांवरच उभी राहिली.

४. सेक्शन घ्या, आणि उंच्या मोजा, धरू नका

सेक्शन म्हणजे रस्ता आणि दोन्हीकडच्या इमारती कापल्या तर दिसेल तो उभा छेद. मी सगळीकडे मजल्याची उंची ३ मीटर धरली. जुन्या वाड्याचा माळा त्यापेक्षा बराच बुटका असतो, तर खाली दुकान असलेला नवा मजला चांगला उंच. माझा रस्त्याचा सेक्शन एकसारखा, छान आणि साफ खोटा होता. उंची मोजायची सोपी युक्ती: ग्रुपमधल्या एकाला भिंतीला उभं करा, लांबून फोटो काढा, त्याची उंची माहीत असतेच, बाकी हिशोब घरी.

प्रत्येक सेक्शनमध्ये हे दिसलंच पाहिजे: गटाराचं झाकण, फूटपाथची पायरी, लावलेली दुचाकी, दुकानाबाहेर आलेला माल, वरची ताडपत्री, वायरींचं जाळं. फूटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी असावी असं रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं म्हणणं आहे. तुम्ही मोजाल तेव्हा फूटपाथची रुंदी मोजू नका, अडथळे सोडून उरलेली रुंदी मोजा. कागदावर २.५ मीटर असलेला फूटपाथ डीपी बॉक्स, झाड आणि फ्लेक्सचा खांब वजा केल्यावर कुठे कुठे माझ्या खांद्याएवढा उरला. (इथला डीपी म्हणजे विजेचा डबा, तो दुसरा डीपी वेगळा, पहिल्या वर्षी यावरून माझा फार गोंधळ व्हायचा.)

सावली पण इथेच बघून घ्या. पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, त्या वेळी कितीही अरुंद बोळ असू दे, भिंतीची सावली नाही. उलट डिसेंबरात दुपारी तो दक्षिणेला साधारण ४८ अंशांवर असतो, म्हणजे ९ मीटर उंच इमारतीची सावली उत्तरेला ८ मीटरपर्यंत जाते. बसायची जागा कुठे द्यायची हे यावरून ठरतं.

५. वेळा बदला. दुपारी एक ते चारचा सापळा

यात आमचं सगळ्यात मोठं हसं झालं. आमची पहिली माणसं मोजायची पाळी दुपारी अडीचला होती, कारण सकाळी लेक्चर आणि संध्याकाळी कोणाला तरी क्लास. आतल्या गल्ल्या शांत, निम्मी शटरं खाली. आम्ही शीटवर ठळक लिहिलं, "या गल्लीत वापर कमी, नवीन ॲक्टिव्हिटी आणण्यास वाव." रिव्ह्यूला मॅम हसल्या. म्हणाल्या, "अगं, पुण्यात दुपारी अडीचला वाव सगळीकडेच असतो."

मोजणी अशी करा. एक जागा धरून १५ मिनिटं मोजा, चारने गुणलं की तासाचा अंदाज. तीच जागा पहाटे पाच-साडेपाच, सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सात, रात्री दहा. एक कामाचा दिवस, एक रविवार. बायका, पुरुष, म्हातारी माणसं, मुलं वेगळी मोजा, नुसता एकूण आकडा काही सांगत नाही. आमच्याकडे रात्री नऊनंतर एका गल्लीत बायकांचा आकडा एकदम कोसळत होता, जाऊन बघितलं तर दुकानं बंद झाली की तिथे उजेडच नव्हता. म्युनिसिपाल्टीचा दिवा होता, पण ताडपत्रीच्या वर.

पहाटेची फेरी चुकवू नका, झोप येते तरी जा. मंडई खरी तेव्हा कळते. माल कुठून येतो, हातगाडी कुठे वळते, टेम्पो कुठे उभा राहतो, कचरा कोण उचलतं. दहा वाजता तुम्हाला नुसती दुकानं दिसतात.

गणपतीत साईटवर जाणं म्हणजे वेगळीच परीक्षा. मंडप पडले की रस्त्यांचा नकाशाच बदलतो. सेमिस्टर जुलैत सुरू होत असेल तर आधी साधी मोजणी उरकून घ्या, मग गणपतीतली तुलनेला वापरा. आणि महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करते, लक्ष्मी रोडचा तुकडा गाड्यांना बंद असतो, तेव्हा पुण्यात असाल तर त्या दिवशी नक्की मोजा, असा फुकटचा प्रयोग दुसरा कोणी करून देत नाही.

६. माणसांशी बोलणं

सुट्टे पैसे इथे लागतात. काहीतरी विकत घ्या. पाव किलो मटार, गजरा, चहा. फॉर्म घेऊन जाऊ नका, फॉर्म बघितला की माणूस सरकारी उत्तर देतो.

"तुम्हाला इथे काय हवंय?" हा प्रश्न विचारूच नका. उत्तर ठरलेलं आहे, पार्किंग. त्याऐवजी "काल सकाळपासून काय काय केलंत?" विचारा. मंडईबाहेर पालेभाजी घेऊन बसणाऱ्या एका मावशींना मी हे विचारलं. पहाटे चारला उठणं, टेम्पो, जागा धरणं, सगळं सांगितलं आणि मग सहज म्हणाल्या, "पाणी मी दुपारपर्यंत पीतच नाही बघ." का? तर जागा सोडून जायचं म्हणजे माल कोणाच्या भरवशावर ठेवायचा, आणि बायकांचं स्वच्छतागृह तिथून लांब. मी ते अंतर घड्याळ लावून चालले, गर्दीत जाऊन येऊन १४ मिनिटं लागली. तोपर्यंत आमच्या सतरा शीटपैकी एकीवरही स्वच्छतागृह नव्हतं. होतं काय, तर "व्हिज्युअल ॲक्सिस", म्हणजे नजर सरळ जाते ती रेषा.

पत्ता विचारायचा प्रयोगही करा. केव्हिन लिंच या शहररचनेच्या अभ्यासकाने १९६० मध्ये मांडलेले वाटा, कडा, विभाग, नोड (वाटा एकत्र येतात त्या जागा) आणि खुणा हे पाच घटक तुम्हाला शिकवतीलच, आणि सगळे पाच रंगांत एक शीट करून मोकळे होतात. त्यापेक्षा दहा जणांना एकाच ठिकाणचा रस्ता विचारा आणि ते कुठली खूण सांगतात ते लिहा. पुण्यात तुम्हाला देवच ऐकू येतील. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, खुन्या मुरलीधर. यातली काही देवळं एका खोलीएवढी आहेत, तुम्ही कदाचित शेजारून निघूनही जाल, पण शहराच्या डोक्यातल्या नकाशावर ती मोठी आहेत. आमच्या ग्रुपने खुणा म्हणून सगळ्यात उंच इमारती दाखवल्या होत्या, एकानेही त्यातली एक सांगितली नाही.

७. जुनं काय होतं आणि पाणी कुठून जातं

इतिहासाची शीट म्हणजे शनिवारवाडा १७३२, मंडई १८८६, असल्या तारखांची माळ करू नका. डिझाईनला उपयोगी पडेल तेवढाच इतिहास घ्या. उदाहरणार्थ, पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून दगडी नळाने शहरात पाणी आणलं आणि जागोजागी हौद बांधले. हौद गेले किंवा आटले, पण नावं राहिली, आणि बऱ्याच ठिकाणी तिथे अजून चौक रुंद आहे, लोक थांबतात. जागा का रुंद आहे ते कळलं की तिथे काय करावं तेही सुचतं.

नदी-ओढ्याजवळची साईट असेल तर दोन तारखा पाठ करा: १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, आणि २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. जुने नकाशे आणि आजचा नकाशा एकावर एक ठेवा, ओढा कुठे वळवला, कुठे अरुंद झाला ते दिसतं. लोकांना विचारा पाणी कुठपर्यंत आलं होतं, भिंतीवर हात ठेवून दाखवतात. ती उंची सेक्शनवर काढा.

मंडईबद्दल एक गंमत, जिचा माझ्या शीटला काही उपयोग झाला नाही: एवढा पैसा मंडईवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला म्हणून म्युनिसिपाल्टीत विरोध केला जोतीरावांनी, आणि आज नाव त्यांचंच आहे.

८. नियम लवकर वाचा

हे रटाळ आहे, पटकन सांगते. राज्याची युनिफाईड डीसीआर, म्हणजे बांधकामाची नियमावली, डिसेंबर २०२० ची, तीत गावठाण म्हणजे दाट वस्तीचे नियम वेगळे आहेत, ते वाचा. जुन्या हद्दीचा डीपी २०१७ ला मंजूर झाला, त्यात रस्तारुंदीच्या रेषा आणि आरक्षणं बघा. हेरिटेज यादीत तुमच्या साईटवरची कुठली इमारत आहे ते बघा. आणि केंद्राचं संरक्षित स्मारक जवळ असेल तर त्याच्या हद्दीपासून १०० मीटर बांधकामाला बंदी, पुढचे २०० मीटर परवानगी घेऊन. शनिवारवाड्याशेजारी साईट असलेल्या आमच्या वर्गातल्या दुसऱ्या ग्रुपने अडीच महिने घालून एक सुंदर तीन मजली कल्चरल सेंटर केलं, बरोबर त्या १०० मीटरच्या आत. फायनल ज्युरीला, म्हणजे शेवटी परीक्षकांसमोर मांडताना, कळलं.

९. आता शीट भिंतीवर लावा आणि "मग काय?" लिहा

इथे बहुतेकांची गाडी अडकते. ॲनालिसिसच्या वीस शीट होतात आणि डिझाईन कुठूनतरी पिंटरेस्टवरून येतं, दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. स्वॉट (जमेच्या बाजू, उणिवा, संधी, धोके यांची यादी) करून तर काहीच होत नाही, "स्ट्रेंग्थ: ऐतिहासिक वारसा" हे पुण्यात कुठेही उभं राहून लिहिता येतं.

आम्ही शेवटी असं केलं. प्रत्येक शीटखाली एक पिवळी चिठ्ठी, त्यावर एकच वाक्य, "म्हणून आम्ही अमुक करू किंवा करणार नाही." वाक्य सुचलं नाही तर शीट भिंतीवरून खाली. वीसपैकी आठ राहिल्या. काढलेल्यांत माझी सगळ्यात देखणी शीट होती, तीन रात्री घालवलेली, झाडांच्या जातींची. वाईट वाटलं, पण तिच्यावरून आम्ही काहीच ठरवत नव्हतो.

मग उरलेल्या आठ बटर पेपरवर एकाच स्केलला काढून एकमेकांवर ठेवा, खिडकीच्या काचेवर लावा. जिथे तीन-चार अडचणी एकाच जागी येतात तिथून डिझाईन सुरू करायचं. आमचं पहिलं डिझाईन होतं मंडईसमोर मोठा प्लाझा, बाकं, फरसबंदी, फेरीवाले "रिलोकेट". सरांनी एवढंच विचारलं, "पहाटे भाजी कुठून आत येणार?" आणि आम्ही गप्प. शेवटचं डिझाईन बरंच साधं झालं: पहाटे माल उतरवायची ठरलेली जागा आणि वेळ, दिवसा तीच जागा बसायला, आतल्या वाटांना उजेड आणि खुणा, ताडपत्र्यांऐवजी दिव्याच्या वर जाईल असं छप्पर, बायकांसाठी दोन स्वच्छतागृहं भाजीच्या ओट्यांपासून दोन मिनिटांवर, आणि मंडई मेट्रो स्टेशनच्या दारातून बाहेर पडणाऱ्यांना चालायला सलग रस्ता. आमच्या वेळी तिथे नुसते पत्रे लावलेले होते, स्टेशन सप्टेंबर २०२४ ला सुरू झालं, त्यामुळे आता साईट मिळाली तर आमची मोजणी वापरू नका, नव्याने मोजा.

१०. ज्युरी

प्रिंट आदल्या दिवशी दुपारी काढा, रात्री नाही. सबमिशनच्या आदल्या रात्री प्लॉटरच्या दुकानात आख्खं पुणे उभं असतं, आणि एकदा आमच्या ए-वन शीट "फिट टू पेज" करून दिल्या, म्हणजे स्केल गेलं, आणि ज्युरीतल्या बाहेरून आलेल्या सरांनी खिशातून स्केल काढून बोळ मोजला. स्केल लिहिण्याऐवजी आकड्यांसकट पट्टी काढा, शीट लहानमोठी झाली तरी ती सोबत होते.

बोलताना साईटचं वर्णन करत बसू नका, त्यांनी मंडई तुमच्या जन्माआधीपासून बघितलीय. मॉडेल १:५०० ला, ब्लॉक नुसते राखाडी, तुम्ही बदललेलं तेवढं रंगीत. दुसऱ्याने केलेली शीटही समजावता आली पाहिजे, ज्युरी मुद्दाम गप्प बसलेल्यालाच विचारते.

ज्युरी झाली की कच्चा डेटा, मोजणीचे कागद, सेक्शनचे आकडे, सगळं तारीख-वेळ टाकून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि ज्युनिअर्सना द्या, कारण त्याच त्याच साईट फिरून येतात. आमचा आम्ही दिला. त्यांनी पहिल्याच आठवड्यात फोन करून सांगितलं की ताई, तुमच्या नकाशावर मंडईमागे जो पाण्याचा नळ दाखवलाय तो तिथे नाही, पलीकडच्या भिंतीला आहे, आणि मावशी म्हणतात पहिल्यापासून तिथेच आहे.